सगळ्या कामांचा चाकू

चाकू कसा निवडावा हे मला आजकाल कुणी विचारत नाही, पण मला ते येतं. खोटं कशाला बोलू, आमच्या पंचक्रोशीत पात्याची पारख माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला नव्हती. आणि तरी गेली पन्नास वर्षं मी कंबरेला चाकू लावलेला नाही. सुतळी तोडायची झाली तर दातानं तोडायचो, दात गेल्यापासून सुनेला हाक मारतो. लोक हसतात. हसू द्या! एका चाकूपायी माझ्या बहिणीचं पहिलं लेकरू गेलं आणि तो चाकू मी निवडला होता, हे हसणाऱ्यांना कुठं ठाऊक आहे?

आमचं गाव मुळा नदीच्या अंगाला, राहुरीपासून बैलगाडीनं चार तासांच्या वाटेवर. धरण झालं होतं, पण कालवा आमच्या शिवाराला वळसा घालून पुढं गेला होता, तेव्हा आम्ही कोरडे ते कोरडेच. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझ्या पाठची एकुलती एक बहीण. आबा बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते खिळा ठोकल्यासारखं. मी विशीत आलो तेव्हा एक दिवस गोठ्यात मला म्हणाले, "आता सोताचा चाकू घे. पन एकच घे. घरात धा चाकू असले की येळंला एकबी घावत न्हाई. एकच ठेवायचा आन् कंबरंला ठेवायचा."

मी पहिला चाकू आणला तो यात्रेतून. रामपुरी होता. पितळी मूठ, तिच्यावर नक्षी, आणि दाबलं की खटकन उघडायचा. तो खटका ऐकायलाच मी दिवसभर तो उघडत-मिटत बसलो. आबांनी बघितलं, माझा हात धरला आणि शेणाच्या पाटीत कोपरापर्यंत बुडवला. म्हणाले, "आता उघड." बोटं घसरायला लागली, खटका काही दबेना. आबा म्हणाले, "बैल दाव्यात मान अडकून मरायला लागला, तर त्याला काय म्हनशील? थांब बाबा, मला हात धुऊन येऊ दे?" बहीण दारात उभी राहून पोट धरून हसत होती. त्या चाकूनं मग आई गवती चहाची पात कापायची, वर्षभरात त्याचं पातंच मोडलं.

दुसरा आणला नगरहून. तिथं लष्करातला जुना माल विकणारे बसायचे, त्यांच्याकडून. त्याला पाती किती? एक मोठं, एक छोटं, एक डबा फोडायचं, एक पिळाचं, आणि एक कशाचं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मला वाटलं, आता आबा गार पडणार. आबांनी ते पिळाचं पातं वर काढलं आणि विचारलं, "ह्ये काय?" म्हटलं, "ह्यानं बाटलीचं बूच निघतं." आबा म्हणाले, "लई झ्याक. आता बाटली कुठंय ती दाव." मोठं पातं म्हणाल तर बोटाएवढं, जाड दावं कापायला निम्म्यातच अडकलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो मी रागानं पेटीत टाकला, तिथंच तो गंजून गेला.

तिसरा मात्र मी विकत घेतला नाही, करून घेतला. गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडली होती. एका ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा मी आधीच पैदा करून ठेवला होता. घिसाडी भट्टीशी बसून तो तुकडा सांडशीत धरायचा आणि त्याची बायको उभी राहून घण घालायची. दोन दिवस मी तिथून हललो नाही. पातं जेमतेम वीतभर, पाठ जाड, टोक नीट निमुळतं. मिटायचं वगैरे काही नाही, खटका नाही, नखरा नाही. मूठ बोरीच्या लाकडाची, मीच तासली, आणि ओल्या हातात फिरू नये म्हणून तिला दोन खाचा घेतल्या. गावच्या चांभारानं चामड्याचं म्यान शिवून दिलं.

आबांनी तो पारखला. शेणाचा हात, ओला हात, डोळे मिटून म्यानातून काढणं, नदीतल्या साध्या दगडावर धार लागते का ते बघणं, सगळं झालं. मग म्हणाले, "आता कंबरंला लावून मळ्यात जा." मी गेलो. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागून येऊन तो हळूच काढून घेतला. दोन पावलांत मला कळलं, कंबर हलकी झाली. मी वळून बघितलं तर आबा चक्क हसत होते. म्हणाले, "जो नसला की कंबरंला कळतं, त्यो आपला. ह्योच ठेव."

त्या चाकूनं काय केलं नाही ते विचारा. पायातले बाभळीचे काटे काढले, बैलांचे वाढलेले खूर साळले, दावी कापली, ऊस सोलला, मेलेल्या शेळीचं कातडं सोडवलं आणि धोतराला पुसून त्यानंच बांधावर भाकरीबरोबरचा कांदाही चिरला. बहीण त्यानं कैऱ्या कापायची. मागायची नाही, मागून येऊन उपसूनच घ्यायची. म्हणायची, "चाकू माजा, कंबर तेवडी तुजी." तिच्या लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायची कट्यार पाहुण्यांकडून यायची राहिली, तेव्हा माझ्याच चाकूला लिंबू टोचून तो दाजींच्या हातात दिला. दाजी म्हणजे तिचा नवरा. मांडवात ती मला हळूच म्हणाली, "बग दादा, तुजा चाकू माझ्या आदी सासरला निगाला." मला रडू फुटलं होतं, पण हसलो.

सासर तिचं सोनईच्या पलीकडं. माणसं चांगली, पण हिचं नशीब खडतर. दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी तर ती पंधरा दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले ते टिकले, सातवा लागला, आणि बाळंतपणाला ती आमच्याकडं आली. साल कुठलं? तर दुष्काळाचं, बहात्तरचं. विहिरीचा तळ दिसत होता. माणसं खडी फोडायला जात होती, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, खात होती. जनावरांना उसाची वाढी, म्हणजे वरचे शेंडे, मिळाली तर दिवाळी. आमच्या गोठ्यात होती ती एकच बैलजोडी राहिली होती. अशा वेळी घरात लेकरू येणार म्हणून आई मात्र फुलून गेली होती. कुठून कुठून तिनं डिंक मिळवला होता, खारका मिळवल्या होत्या, तिचं तिलाच ठाऊक.

बहीण पोटावर हात ठेवून ओट्यावर बसायची आणि मला म्हणायची, "दादा, ह्ये टिकंल ना रं?" मी म्हणायचो, "टिकंल म्हंजी? तुज्यासारकं हट्टी आसनार. जातंय कुटं?"

सकाळची वेळ होती. मी अंगणात बैलाचे पुढचे खूर साळत होतो. आत तिच्या कळा चालल्या होत्या. दाई आलेली होती, पण ती फार म्हातारी, नजर पार गेलेली. सूर्य कासराभर वर आला आणि आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. मी खूर हातातून सोडून दिला. मग दाई म्हणाली, "इळा द्या, नाळ कापायचीय." आणि माझ्या बहिणीचा आवाज आला, दमलेला तरी ठासून: "त्यो गंजका इळा नगं. दादाचा चाकू घ्या."

काय सांगू, मला त्या क्षणी किती अभिमान वाटला! छाती भरून आली. मी चाकू धोतराच्या सोग्याला पुसला, लोटाभर पाण्यानं धुतला, अंगठ्यावर धार बघितली. आई दारात आली. आमच्याकडं पातं हातात देत नाहीत, खाली ठेवायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, नाहीतर दोघांत भांडण होतं म्हणतात. आई म्हणाली, "खाली ठेव." पण घाईत मी तो सरळ तिच्या हातातच कोंबला. आईनंच आपल्या हातानं नाळ कापली. मुलगी होती. आबांनी अंगणात गूळ वाटला, दुष्काळात कुठून आणला देव जाणे.

आमच्या घरची रीत अशी, की ज्या लोखंडानं नाळ कापली ते बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या उशाखाली राहायचं. लोखंड असलं की वाईट काही जवळ फिरकत नाही. माझा चाकू धुऊन तिच्या उशाखाली गेला. माझी कंबर हलकी झाली, पण त्या हलकेपणाचं मला कौतुकच वाटत होतं. कुणी चाकू मागितला की मी ऐटीत सांगायचो, "माझ्या भाचीच्या राखणीला बसलाय त्यो."

चौथ्या दिवशी दुपारी आमचा एक बैल दावं तोडून सुटला. शेजारच्या मळ्यात विहिरीला थोडं पाणी होतं, तिथं वाफाभर लसूणघासाचा चारा राखलेला होता. महिनोन् महिने काडी चावलेला तो बैल, आणि समोर हिरवागार ओला लसूणघास. आधाशासारखं खाल्लं त्यानं. घरी आणेपर्यंत पोट फुगून टम्म झालं, डावी कूस पाठीच्या वर आली, जीभ बाहेर, डोळे पांढरे. गुरांचा डॉक्टर राहुरीला. तो येईपर्यंत बैल राहिला नसता. एकच उपाय होता, डाव्या कुशीच्या खळग्यात टोचून आतला वारा मोकळा करायचा. आबा ओरडले, "चाकू आन! पळ!" विळ्यानं ते होत नाही, विळ्यानं पोट फाटतं. टोकदार पातं पाहिजे. आणि घरात टोकदार पातं एकच, कारण आबांचा नियमच तसा.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. मी गेलो. आई नदीवर गेली होती. बहीण झोपलेली, कुशीत लेक. मी उशाखाली हात घातला. ती दचकून जागी झाली, "दादा? काय घ्येतलंस?" मी म्हटलं, "आलोच," आणि पळालो. मागून तिची हाक आली, "दादा, ठेव त्यो! दादा!" ती हाक मला ऐकू आली होती. आली नाही असं मी कधीच म्हटलं नाही.

आबांनी जागा दाखवली, मी टोचलं. फुस्स करून वारा सुटला, घाण फेस अंगावर उडाला, आणि थोड्या वेळानं बैलानं मान उचलली. बैल वाचला. दुष्काळात तेरावा महिना यायचा होता तो टळला, असं आम्हाला वाटलं. आबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. पण चाकू रक्ता-शेणानं माखलेला, तो तसा आत कसा ठेवणार? राखेनं घासला, कडुनिंबाच्या पाल्यानं घासला, उन्हात ठेवला. दिवे लागताना मी तो परत दिला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिच्या उशाखाली नाळेचं लोखंड नव्हतं. आईनं येऊन मधे विळा ठेवला होता, पण बहीण म्हणत राहिली, "ह्यो त्यो न्हवं. ह्यो त्यो न्हवं."

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सहाव्या दिवशी सकाळी लेक अंगावर पिईना. आईनं बोटानं तोंड उघडून बघितलं तर जबडा उघडेचना. दुपारपर्यंत मुठी घट्ट आवळल्या. भांडं वाजलं की ते एवढंसं अंग धनुकलीसारखं ताठ व्हायचं. भगत आला, त्यानं अंगारा लावला आणि विचारलं, "हिच्या उशाचं लोखंड हललं हुतं का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. आता बोला! बैल वाचवल्याचं बक्षीस हे असं मिळालं.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही तिला गाडीत घालून राहुरीला निघालो. गाडीला जुंपला तो तोच बैल, कारण दुसरी जोडी नव्हती. पोटाची जखम ओली, पाऊल जड, तो चालेना. मी त्याला मारत होतो. ज्याला चार दिवसांपूर्वी वाचवला त्यालाच मी चाबकानं फोडत होतो आणि रडत होतो. निम्म्या वाटेवर बहीण म्हणाली, "दादा, थांबव गाडी." मी वळून बघितलं. तिनं लेकीच्या तोंडावर पदर ओढला होता.

मी कासरा ओढला. बैल उभ्या उभ्या धापा टाकत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "बैल जगला." एवढंच. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. राखीला आली नाही, भाऊबीजेला आली नाही. आई म्हणायची, "माझ्या हातात पातं दिलंस ना, भांडण तुमा दोगांत लागलं." मला तेही पटायचं. मला सगळंच पटायचं. मीच मारली, बैलापायी मारली, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

आणि तरी चाकू सोडला नव्हता, बघा. कंबरेला तोच. राग यायचा त्याचा, पण हात सवयीनं तिथंच जायचा.

दोन वर्षांनी घायपात कापताना तोच चाकू माझ्या तळहातात घुसला. दवाखान्यात गेलो. तिथं मध्यमवयाची एक नर्सबाई होती, तोंडाची फटकळ. पट्टी बांधताना म्हणाली, "कशानं कापलं?" मी चाकू दाखवला. तिनं तो उलटापालटा करून बघितला. "ह्यानं खूर साळता?" म्हटलं, "व्हय." "शेणात जातो?" "जातो की." तिनं सुई भरली. म्हणाली, "हे धनुर्वाताचं इंजेक्शन. गोठ्यातल्या मातीत असतो तो रोग, पात्याला नुसतं पुसून जात नाही. पातं उकळावं लागतं. तुम्ही मोठी माणसं तरी येता इथं. तुमच्याकडच्या बाया असल्याच विळ्या-चाकूनं पोरांच्या नाळा कापतात, आणि मग सहाव्या-आठव्या दिवशी घेऊन येतात. जबडा मिटलेला, अंग ताठ. काय करणार आम्ही?"

मी विचारलं, "उशाखालचं लोखंड काढलं म्हनून न्हाई हुत?"

ती म्हणाली, "अहो, लोखंड कुठं का असेना. नाळ कशानं कापली ते सांगा."

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. सकाळ आठवली. साळलेला खूर, धोतराचा सोगा, लोटाभर पाणी, आणि माझी ती भरून आलेली छाती. बैलाचा काही दोष नव्हता. चौथ्या दिवसाचा काही दोष नव्हता. लेक पहिल्या सकाळीच गेली होती, आम्हाला आठ दिवसांनी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं चोरही मीच निघालो आणि संन्यासीही मीच. पण एकटा मीच नव्हतो. चाकू मी दिला. मागितला बहिणीनं. कापली आईनं. आणि एकच चाकू ठेवायचा हा नियम आबांचा.

बहिणीला पुन्हा दिवस गेल्याचं त्याच महिन्यात कळलं होतं. ह्या खेपेला ती माहेरी येणार नव्हती. मी ठरवलं, जाऊन तिला सगळं सांगायचं. खोटं बोलत नाही, त्यात माझा स्वार्थही होता. बैलासाठी मी तिची लेक मारली नाही, एवढं तिला कळावं असं मला वाटत होतं. आणि दुसरं, पुन्हा कुणीतरी विळा घेऊन बसायच्या आत तिला सावध करायला हवं होतं.

एसटीनं सोनईला गेलो. तिथल्या बाजारात एक साधा, बिनखटक्याचा चाकू घेतला. निवडला म्हणत नाही, समोर दिसला तो उचलला. पुढं चालत तिच्या दारात गेलो. ती धान्य निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाव्हन्यांना पानी द्या." पाणी पिऊन मी तिच्या समोर खाली बसलो. सासू आत गेली. मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय."

ती सुपातून मान वर न करता बोलायला लागली. दोन वर्षांनी तिचा आवाज मी माझ्यासाठी ऐकत होतो. "दादा, काय सांगू नगंस. मी तुला लई शिव्या दिल्या मनात. पन एक बरं हाय. माझ्या लेकीसाटी मी माझ्या हातानं जे जे करायचं ते सगळं केलं. पोटात राकली. इळा गंजका हुता तर तुजा चाकू मागून घ्येतला. आईनं नाळ कापली ती कशी नीट कापली. आमच्याकडनं काय चुकलं न्हाई. तू काढून न्हेलास, ते तुजं. त्या एका गोष्टीवर मी जित्ती हाय."

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. तिचा तेवढा एक आधार मी हातानं काढून घ्यायचा? एकदा उशाखालचं काढलं होतं, तेवढं पुरे होतं.

मी म्हटलं, "चुकलं माजं. लई चुकलं." आणि नवा चाकू कंबरेतून काढला, तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. "ह्यो तुला आनलाय. उशाखाली ठेव. ह्यानं कायसुदिक कापू नगंस. कांदासुदिक न्हाई."

"मंग नाळ?"

"नाळसुदिक न्हाई. त्येला नर्सबाई बोलव. ती तिचं पातं उकळून आनती. माझी आन हाय तुला."

निवडता निवडता तिचा हात थांबला. "नाळसुदिक न्हाई?" तिनं पुन्हा विचारलं, अगदी हळू.

"न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग चाकूकडं बघत राहिली. मला वाटलं आता ती विचारणार, का? मी उत्तरही जुळवायला लागलो होतो. पण तिनं विचारलं नाही. हात पुढं केला आणि म्हणाली, "खालनं न्हाई उचलायची मी. हातात दे. व्हायचं ते भांडान झालंय आपलं."

मी तो तिच्या हातात दिला. घरी येताना जुना चाकू म्यानासकट आमच्या कोरड्या विहिरीत टाकला, आणि वरून दगड टाकले.

नर्सबाई गेली, तिनं नाळ कापली, मुलगी झाली, जगली. बहीण पुन्हा माहेरी यायला लागली, भाऊबीजेला ओवाळायला लागली. पण एक मला कधी उमगलं नाही. आम्ही दोघंच असलो की ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायची, हसायची. आई जवळ असली की मात्र टोचायची, "दादानं बैलापायी चाकू काडला, म्हनून माझी लेक ग्येली." दर वेळी. आईदेखत. मी मान खाली घालून ऐकायचो. आई तिला म्हणायची, "जाऊ दे गं, लेकरू हुता त्यो बी." वीस-बावीस वर्षं हे चाललं. आई गेली, आणि त्या दिवसापासून ते बोलणं बंद झालं. मी समजलो, बहीणही आता म्हातारी झाली, राग विझला असेल.

पुढं त्याच जगलेल्या भाचीच्या लेकीचं बाळंतपण नगरच्या दवाखान्यात झालं. आम्ही दोघं म्हातारे बाहेर बाकावर. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली, हसत म्हणाली, "आजी, अभिनंदन, पणती झाली तुम्हाला."

माझ्या बहिणीनं मुलगी कशी आहे ते विचारलं नाही. वजन विचारलं नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नाळ कशानं कापली, बाई? पातं उकळलं हुतं ना?"

डॉक्टरीणबाई हसली, "आजी, काही काळजी करू नका, सगळं निर्जंतुक असतं," म्हणाली आणि आत गेली. मी भिंतीकडं बघत राहिलो. बहीणही माझ्याकडं बघत नव्हती. ती परत माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आईला कळलं न्हाई. तेवडं एक चांगलं झालं."

"तुला कवा कळलं?"

"तू चाकू खाली ठेवलास आन् नाळसुदिक न्हाई म्हनलास ना, तवाच."

मला हुंदका आवरला नाही. येणारी-जाणारी माणसं बघत होती. तिनं पिशवीत हात घातला आणि एक चाकू काढला. सोनईच्या बाजारातला. पातं जसंच्या तसं, त्यानं आजवर कांदासुद्धा कापलेला नव्हता. तो तिनं माझ्या हातात दिला.

म्हणाली, "जा. पोरीच्या उशाखाली तूच ठेव."

मी गेलो आणि ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला.